बाहेर भांडत होती ती

तिला नावं पुष्कळ होती. खरं नाव इंदूबाई, पण ते हजेरीपुरतंच लागायचं. बाकी दिवसभर आम्ही तिला दुसऱ्याच नावांनी ओळखायचो, आणि ती नावं ती उठून बाहेर गेली की घ्यायचो. कजाग, कैदाशीण, जहांबाज, भवानी, फाटक्या तोंडाची. आमचे मालक आण्णा तिला तोफ म्हणायचे. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांनी भोंगा हे नाव ठेवलं होतं. गिरणी बंद पडली तरी तिचा भोंगा सोलापुरात जुन्या माणसांना अजून आठवतो, आणि इंदूबाईचा आवाज तसाच लांब जायचा.

आमचं काम कडक भाकरीचं. पत्र्याचं एक लांब शेड, दोन्ही बाजूंना चुली आणि मधून जायला वाट. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, भाकरी पातळ थापायची, भाजायची, आणि मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत पापडासारखी कडक करायची. नीट जमलेली भाकरी महिनाभर टिकते. तिथं मी पुष्कळ वर्षं बसले. माझी चूल इंदूबाईच्या चुलीला लागून होती. मी चौथी शिकलेली आहे आणि मला चार माणसांत बोलता येत नाही. समोर परका माणूस आला की शब्द घशातच राहतात. इंदूबाईला माझं हे माहीत होतं. ती मला कधी 'बोल की गं' म्हणाली नाही. ती दोघींच्या वाट्याचं बोलायची.

पंचेचाळिशीच्या पुढची बाई. ठेंगणी, मनगटं रुंद, पुढचे केस पांढरे झालेले आणि ते तिनं कधी काळे केले नाहीत. भांडायला जायच्या आधी ती मोरीवर जाऊन हात धुवायची. कोपरापर्यंत पीठ असायचं, ते सगळं धुऊन, पदराला पुसून, मग पदर कमरेला खोचून निघायची. "पिठाच्या हातानं भांडायचं न्हाय. अन्न हाय ते," असं तिचं म्हणणं. त्यामुळे इंदूबाई अवेळी मोरीकडे निघाली की आम्ही समजायचो, आता कुणाची तरी पाळी आली. ज्याची पाळी असायची त्यालाही ते कळायचं, आणि तेवढ्या वेळात तो निसटायला बघायचा.

ती शिवी द्यायची नाही. हे लोकांना खरं वाटत नाही, पण इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून एक शिवी ऐकली नाही. "शिवी दिली की माणसं शिवीवरच बोलत बसत्यात. मुद्दा ऱ्हातो बाजूला," असं म्हणायची. समोरचे मात्र द्यायचे. कोण कुठली शिवी देतो याकडे तिचं बारीक लक्ष असायचं. तरुण पोरं 'ओ काकू, बीपी वाढंल' म्हणायची. बरोबरीची माणसं 'घरी कुणी विचारत नसंल' म्हणायची. बायका समोर काही बोलायच्या नाहीत, मागून कैदाशीण म्हणायच्या. एकदा भाकरी दाबता दाबता ती मला म्हणाली, "विशीत मी आशीच बोलायची. तवा म्हणायचे, पोरगी लई चटपटीत हाय. लेकरू झालं तवा म्हणायचे, बाई धीट हाय. आता केस पांढरे झाले तर कैदाशीण. तोंड तेच हाय की गं. वाक्यंबी तीच हायती."

शेडच्या मोरीला दार होतं, पण कडी नव्हती. एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं, असं कितीतरी दिवस चाललं होतं. आम्हाला त्याची सवय झाली होती. एके दिवशी आण्णांच्या खोलीत बाहेरगावचे व्यापारी बसले होते. इंदूबाई हात धुऊन आत गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आण्णा, मोरीच्या दाराला कडी न्हाय. तुमच्या खोलीची काढून तिकडं लावू का? तुमच्या खोलीत काय, कुणी कापडं बदलत न्हाय." संध्याकाळच्या आत नवी कडी आली. त्या दिवसापासून आण्णांनी तिचं नाव तोफ ठेवलं. आणि आम्ही बायका त्याच मोरीत, तीच कडी आतून लावून, बाहेरच्या बाईशी दाराआडून बोलायचो, "आज पुन्हा सकाळी सकाळी सुरू झाली बघ भवानी."

तिचा नवरा नाना एका गोदामावर राखणीला होता. त्याला कुणीतरी चिडवलं की घरी तुझं काही चालत नसेल, तर तो म्हणाला होता, "मला बोलायची गरजच पडत न्हाय. लई बरं पडतं." एकुलती एक मुलगी पूजा. ती नर्सिंग शिकून एका दवाखान्यात नोकरीला लागली होती. उंच, सावळी, कामाला चोख. आईसारखी सडेतोड बोलायची, पण आवाज बापाचा, हळू.

पूजाचं लग्न जमेना. मुलगी सगळ्यांना पसंत पडायची. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मुलाकडचे गुपचूप चौकशी करायचे, गल्लीत, दुकानात, कामाच्या ठिकाणी. आणि चौकशी झाली की निरोप थांबायचा. दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी मध्यस्थानं इंदूबाईला तोंडावर सांगितलं, "पोरगी सोनं हाय. पण लोक म्हणत्यात, आईचं तोंड बघा आधी. पोरगी आईच्या वळणावर जाती." इंदूबाईनं त्याला चहा दिला. त्यानंतर चार दिवस शेडमध्ये तिचा आवाज नव्हता. नुसता थापण्याचा.

तिसरं स्थळ अकलूजचं आलं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, घरी दोन म्हशी, आई, आणि सगळा कारभार पाहणारा मामा. मुलगा दवाखान्यात येऊन पूजाला बघून गेला होता. पूजाला तो आवडला होता. तसं तिनं कुणाला सांगितलं नाही, पण त्याचा फोन आला की ती बोलता बोलता उठून बाहेर जायची आणि आत आली की विनाकारण भांडी लावायची. इंदूबाईनं ते बघितलं होतं. "ह्या बारीला मोडू नये," एवढंच एकदा मला म्हणाली.

तर त्या दिवसाची गोष्ट. दुपारच्या आत पिठाचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं टेम्पो धुऊन तसाच ओला आणला होता आणि खालची पोती भिजली होती. इंदूबाईनं दारातूनच ते बघितलं, मोरीवर गेली, हात धुतले आणि बाहेर गेली.

ती गेली आणि दोन गिऱ्हाईकं आत आली. काठापदराची साडी नेसलेली एक बाई आणि पांढऱ्या टोपीचा एक माणूस. कडक भाकरीचं गिऱ्हाईक आलं की आधी भाकरीचा काठ मोडून बघतं, मोडल्याचा आवाज ऐकतं. ह्या दोघांनी भाकरीकडे बघितलंच नाही. ती आमची तोंडं बघत होती. माझ्या पलीकडं शेवंतामावशी बसायच्या, शेडमधल्या सगळ्यांत थोरल्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाल्या, "चौकशी हाय ही."

टोपीवाल्यानं विचारलं, "हितं इंदूबाई म्हणून कोण हायत?"

शेवंतामावशींनी माझ्याकडं बोट केलं. "ही की."

मी मान वर केली नाही. माझे हात काटवटीतल्या पिठात होते. बाई माझ्यासमोर उकिडवी बसली.

"लई दिवस झालं का हितं?"

मी मान हलवली.

"बोलत न्हाय ती जास्त," शेवंतामावशी म्हणाल्या. "काम भलं आन आपण भलं."

"पोरीला चांगलं शिकवलंसा म्हणं."

मी पुन्हा मान हलवली. पोरीला चांगलं शिकवलं होतं हे खरंच होतं.

एवढ्यात बाहेरून आवाज आला. "हात घाल पोत्यात. माझा नको, तुझा घाल. आता सांग, कोरडं हाय का वलं? मोठ्यानं सांग, मालकाला ऐकू जाऊंदे."

टोपीवाला दाराकडं वळला. "ही कोण वो?"

"ती व्हय," शेवंतामावशी म्हणाल्या, "हाय एक कजाग भवानी. तिच्या नादाला कुणी लागत न्हाय."

सगळ्यांना हसू येत होतं आणि कुणी हसत नव्हतं. त्या दोघांनी भाकरीची दोन पुडकी घेतली. जाताना बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या हाताला पीठ लागलं, ते तिनं झटकलं नाही.

इंदूबाई आत आली. भिजलेली पोती परत पाठवून आली होती. "काय वो, सगळ्या आशा का बसलाय मयताला बसल्यागत?"

मग शेवंतामावशींनी सगळं सांगितलं, नक्कल करून. बायका पोट धरून हसल्या. "तुझ्या पोरीचं जमलं बघ. आता मला लग्नात लुगडं पायजे," मावशी म्हणाल्या. इंदूबाईनं माझ्याकडं बघितलं. "ही मी?" असं म्हणाली आणि तीही हसली. पण थापायला बसली तेव्हा तिच्या दोन भाकरी काठाला फाटल्या. तसं तिचं कधी होत नसे.

दोन-तीन दिवसांत निरोप आला. स्थळ पसंत. मुलीची आई फार शांत, तोंडातून शब्द निघत नाही, असे सोयरे फार मिळत नाहीत. रविवारी बैठकीला येतो.

शेडमध्ये सल्लामसलत सुरू झाली. शेवंतामावशींचं सगळं ठरलं होतं. "बैठकीत बाप्ये बसत्यात. तू पदर घेऊन आत ऱ्हा. तवा हिच्या तोंडाला पीठच हुतं, कोण वळखतंय? लग्नात तर हळदीकुंकवात आन गर्दीत सगळ्या सारख्याच. एकदा अक्षता पडल्या की मग काय घालवून देत्यात का?" बाकीच्याही हेच म्हणाल्या. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. तिच्या मुलीचं भलं व्हावं असंच सगळ्यांना वाटत होतं, आणि इंदूबाईनं आता तरी गप्प बसावं असंही वाटत होतं. त्या दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

पूजा ड्युटीवरून आईला न्यायला आली होती. दाराशी उभी राहून तिनं सगळं ऐकलं. मग माझ्याकडं बोट करून आईला म्हणाली, "आन लग्न झाल्यावर मला भेटायला कोण येणार? तू, का ही मावशी?"

इंदूबाईनं तव्यावरची भाकरी उतरवली.

मग ती म्हणाली, "मी जाऊन सांगू का? मोडंल पण."

"मोडलं तर मोडलं," पूजा म्हणाली. ती आईकडं बघत नव्हती. "पण समक्ष जा. फोन करू नको. फोनवर तुझा आवाज लई मोठा येतो."

दुसऱ्या दिवशी इंदूबाई मला म्हणाली, "तू चल संगं. तुला बोलायचं न्हाय. नुसतं तोंड दाखव."

आम्ही एस.टी.नं अकलूजला गेलो. रस्त्यानं दोन्ही बाजूंना ऊस होता. ती खिडकीशी बसली होती आणि मी तिच्याकडं बघत होते, की आता काहीतरी ठरवत असेल, कसं सांगायचं ते. तिनं मध्येच विचारलं, "तुला भूक लागलीय का?" एवढंच.

घर चांगलं होतं. पुढं अंगण, गोठा, लिंबाचं झाड. इंदूबाईनं दारात पाणी मागितलं. तांब्या आला तो तिनं प्यायला घेतला नाही, अंगणाच्या कडेला जाऊन हात धुतले. हाताला काहीच नव्हतं. पदराला पुसले, पण पदर कमरेला खोचला नाही. डोक्यावरून घेतला.

आम्हाला बघून मुलाची आई बाहेर आली आणि सरळ माझे हात धरले. "या, इंदूबाई." मामा खाटेवर बसला होता, तो उठून उभा राहिला. सोबतीण कोण, असं त्यानं इंदूबाईकडं बघून विचारलं.

"तुमी बघून गेलात ती ही," इंदूबाई म्हणाली. "माझ्या शेजारी बसती. लई गुणाची हाय. पण पूजाची आई मी. बाहेर भांडत होती ती."

मुलाच्या आईनं माझे हात सोडले नाहीत. सोडायचे राहून गेले असावेत.

मामा खाली बसला. "म्हंजे ती भवानी तुमी व्हय?"

"तुमी तुळजापूरला जाता का?"

"वरसाला जातो."

"मग त्या नावाचा मला राग न्हाय."

"तुमी फसवलंत आमाला."

"मी फसवलं आसतं तर आज आले नसते. पोरीला ह्यातलं कायबी ठाऊक नव्हतं. तुमी इचारायला आला तवा मी बाहेर हुते, आतल्या बायका माझं भलं करायला गेल्या. म्हणून हिला घेऊन आले. तुमच्या डोळ्यांनी बघा आन मग काय ते ठरवा."

तिचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता. तरी गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली.

आता मुलाच्या आईनं तोंड उघडलं. "कशाला भांडत हुता तुमी?"

"पीठ भिजलं हुतं. वल्या पिठाची भाकरी कडक होत न्हाय. वरनं दिसती कडक, पण चार दिसांत आंबूस वास मारती. तुमी नेल्या त्या खाल्ल्या का?"

"खाल्ल्या की."

"वास हुता?"

"न्हवता," बाई म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "न्हवता."

"तेवढ्यासाठी भांडत हुते."

मामानं घसा खाकरला आणि विचार करून कळवतो म्हणाला. चहा झाला. निघताना मुलाच्या आईनं दोघींनाही कुंकू लावलं. फाटकापर्यंत सोडायला आली आणि भाऊ ऐकत नाहीसं बघून म्हणाली, "भाकरी चांगल्या हुत्या, बाई."

परतीच्या गाडीत एक माणूस पाय पसरून बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना त्याचे पाय ओलांडावे लागत होते. इंदूबाईनं बघितलं आणि काही बोलली नाही. मी तिला ओळखत होते तेवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच. मोहोळ मागं पडल्यावर म्हणाली, "पूजाला आवडला हुता गं तो."

निरोप आला तो मामाकडून. पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवलेली होती. पूजानं ते ऐकलं, जेवली, दुसऱ्या दिवशी वेणी घालून ड्युटीवर गेली. मुलाचा फोन पुढं दोनदा आला. तिसऱ्यांदा आला नाही. गल्लीत म्हणाले, कैदाशिणीनं हातानं पोरीचं वाटोळं केलं. शेवंतामावशी आठ दिवस इंदूबाईशी बोलल्या नाहीत. मग एकदा आण्णांनी शेडमधला पंखा काढून स्वतःच्या खोलीत लावला आणि मावशीच म्हणाल्या, "इंदू, हात धू की गं." इंदूबाई उठली.

वर्षा-दीड वर्षानं होटगीचं एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत कामाला. त्याची आई इकडंतिकडं चौकशी करत बसली नाही. ती एकटी शेडमध्ये आली, सरळ विचारत इंदूबाईच्या चुलीपाशी गेली आणि म्हणाली, "तुमच्याबद्दल लई ऐकलंय."

"कमीच ऐकलं आसंल," इंदूबाई म्हणाली.

त्या बाईनं एक भाकरी उचलली, काठ मोडला, कानाशी धरून आवाज ऐकला आणि म्हणाली, "मग बाकीचं तुमीच सांगा." दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी ऐकलं नाही. चुलीवर माझी भाकरी होती.

त्याच सुमाराला माझं मनगट कामातून गेलं. थापणं होईना, म्हणून मी घरी बसले, आणि पुढं लेकाकडं अक्कलकोटला आले. पूजाच्या लग्नाला जायचं होतं, ते माझ्या आजारपणानं राहिलं. इंदूबाई मला शेवटची दिसली ती लग्नाच्या थोडं आधी, सोलापुरातच, नवी पेठेत.

मी औषध घेऊन रिक्षात बसले होते. गर्दीत रिक्षा अडकली. समोर कापडाच्या दुकानाच्या पायरीवर इंदूबाई उभी होती. लग्नाचा बस्ता काढायला आली असणार. पूजा आणि नाना मागं पिशव्या घेऊन उभे होते. दुकानदारानं दाखवलेली साडी एक आणि बांधलेली दुसरी, असं काहीतरी असावं, कारण एक साडी गठ्ठ्यातून अर्धी बाहेर ओढलेली होती. पूजानं बाटलीतलं पाणी आईच्या हातावर ओतलं. इंदूबाईनं हात धुतले, पुसले, पदर कमरेला खोचला आणि दुकानात शिरली. थोड्याच वेळात तिचा आवाज रस्त्यावर आला. आजूबाजूची माणसं थांबली. कुणीतरी हसलं.

रिक्षावाला तरुण होता. आरशात माझ्याकडं बघून म्हणाला, "काय बाई हाय राव. कोण वो ही भवानी?"

माझ्या घशात नेहमीसारखं झालं. समोरची वाट मोकळी होत होती आणि त्यानं गिअर टाकला होता.

"इंदूबाई," मी म्हणाले. "माझ्या शेजारी बसते."